जँगो ओआरएम की एसक्यूएलअल्केमी?

पायथनमधल्या नव्या प्रकल्पासाठी ओआरएम, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांशी कोडमधल्या ऑब्जेक्टांच्या रूपात व्यवहार करू देणारे साधन, निवडताना जँगो या वेब फ्रेमवर्कचे अंगभूत ओआरएम की एसक्यूएलअल्केमी ही स्वतंत्र लायब्ररी, अशी होणारी चर्चा बहुधा कोणाचा कोड दिसायला सुटसुटीत, यावरच रेंगाळते. माझ्या मते आधी पाहायला हवे ते हे, की डेटाबेसकडे क्वेरी (माहिती मागणारी किंवा बदलणारी आज्ञा) नेमकी केव्हा जाते आणि ते कोण ठरवते.

जँगोमध्ये ऑब्जेक्टवर सेव्ह म्हटले की इन्सर्ट (नवी नोंद घालणारी क्वेरी) किंवा अपडेट (जुनी बदलणारी) लगेच रवाना होते आणि वेगळे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) उघडलेले नसेल, तर ते तिथल्या तिथे कमिटही, म्हणजे कायमचे पक्केही, होते. एसक्यूएलअल्केमीचा सेशन (डेटाबेसशी चाललेला व्यवहार सांभाळणारा ऑब्जेक्ट) मात्र झालेले बदल स्वतःकडे टिपून ठेवतो, कोणते टेबल कोणावर अवलंबून आहे ते पाहून त्यांचा क्रम लावतो आणि फ्लशच्या वेळी ते डेटाबेसकडे पाठवतो. मध्येच एखादी सिलेक्ट (माहिती वाचणारी क्वेरी) चालवली, तर तो आधी आपणहून फ्लश करतो. हे ठाऊक नसलेला माणूस लॉग पाहून हमखास चक्रावतो.

खरा फरक वाचनात जाणवतो. समजा, शंभर ऑर्डरींची यादी दाखवायची आहे आणि प्रत्येकीपुढे ग्राहकाचे नाव हवे आहे. काहीच न सांगता लूप फिरवला, तर जँगो यादीसाठी एक आणि प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी एक अशा १०१ क्वेरी करतो, मग त्या सगळ्या ऑर्डरी एकाच ग्राहकाच्या का असेनात. तशा स्थितीत एसक्यूएलअल्केमीचे काम दोन क्वेरींत भागते, कारण एकदा आणलेला ग्राहक सेशनच्या आयडेंटिटी मॅपमध्ये (आधी आणलेल्या ऑब्जेक्टांच्या नोंदीत) असतो. ग्राहक शंभर वेगवेगळे असतील, तर दोघांची गत सारखीच. जँगोत सिलेक्ट रिलेटेड लिहिले की जॉइन लावून, म्हणजे दोन्ही टेबले जोडून, एकच क्वेरी जाते. एसक्यूएलअल्केमीत जॉइन्डलोड तेच करते. शिवाय रेझलोड लावले, तर न सांगता होऊ पाहणारी क्वेरी थेट एरर देते. मोठ्या टीममध्ये मला ही सोय फार मोलाची वाटते.

मायग्रेशनबाबत (टेबलांच्या रचनेतले बदल डेटाबेसवर लागू करणाऱ्या फाइलींबाबत) फार खल नको: जँगोत ती २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून अंगभूत आहेत, एसक्यूएलअल्केमीसोबत अलेम्बिक हे वेगळे साधन घ्यावे लागते. जुना डेटाबेस गळ्यात पडला असेल, तर मात्र पारडे फिरते. दोन-तीन कॉलम मिळून बनलेली प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणारी खूण) जँगोला अधिकृतपणे २०२५ च्या ५.२ आवृत्तीत आली; एसक्यूएलअल्केमीत ती फार आधीपासून आहे.

त्यामुळे टेबले आपणच घडवणार असू आणि अ‍ॅडमिन पॅनेल (डेटा पाहण्या-बदलण्यासाठी जँगोसोबत तयार मिळणारी पाने) हवे असेल, तर मी जँगोचेच ओआरएम घेईन आणि ते बदलण्याच्या फंदात पडणार नाही. दुसऱ्याने घडवलेल्या डेटाबेसवर किचकट रिपोर्ट काढायचे असतील, तर एसक्यूएलअल्केमी. निवड कोणतीही असो, महत्त्वाच्या पानांवरच्या क्वेरींची संख्या टेस्टमध्येच बांधून टाकावी. जँगोत त्यासाठी असर्ट नम क्वेरीज तयार मिळते, तर एसक्यूएलअल्केमीत इंजिनच्या (डेटाबेसशी जोडणी सांभाळणाऱ्या भागाच्या) इव्हेंटवर दहा-बारा ओळींचा मोजणारा कोड लिहिला की काम होते.