जामीन झाला होता, जामीनदार नव्हता

‘महाराष्ट्राच्या फौजदारी न्यायव्यवस्थेत कशावर आधी संशोधन व्हायला हवं, याची यादी करून द्या.’ काम ऐकून मला वाटलं, दोन दुपारी पुरतील. आठ महिने लागले.

मी संख्याशास्त्रातली. गटात निवृत्त न्यायाधीश, सरकारी वकील, एक पोलीस अधिकारी, निवृत्त तुरुंग अधीक्षक, गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकीलबाई, दोन प्राध्यापक आणि टिपणं काढायला मी. पहिल्या बैठकीत प्रत्येकाला कार्डं दिली आणि प्रश्न लिहायला सांगितले. आल्या तक्रारी. न्यायाधीश अपुरे आहेत, साक्षीदार फितूर होतात, फॉरेन्सिक प्रयोगशाळेचा सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट वेळेवर येत नाही, बंद्यांना तारखेला न्यायला गार्ड मिळत नाही. सगळं खरं. पण रिकाम्या जागा भरायला जाहिरात काढावी लागते, त्यासाठी अभ्यासक कशाला?

मग मी एक चाळणी सुचवली. उत्तर मिळालं तर कोण काय वेगळं करेल, हे कार्डाच्या मागे लिहायचं, तेही पदाच्या नावासकट. पोलीस आणि तुरुंग राज्यसूचीत आहेत, फौजदारी कायदा समवर्ती सूचीत. त्यामुळे ज्या कार्डांमागे ‘संसद’ असं आलं, ती बाजूला ठेवली. निम्मा गठ्ठा तिथेच उतरला.

सगळ्यात जास्त वेळ दोषसिद्धीच्या दरानं खाल्ला. तो कमी का, हाच पहिला प्रश्न हवा, असा बहुतेकांचा आग्रह. हा दर त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर काढतात, त्या वर्षी दाखल झालेल्या गुन्ह्यांवर नाही, हे फळ्यावर मांडून दाखवण्यात माझी एक पूर्ण बैठक गेली. त्यात देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे काढणारी एनसीआरबी एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते, म्हणजे खुनाबरोबर झालेली चोरी आकड्यांत खुनाच्या पोटात जाते. शेवटी प्रश्न बदलला: तपासापासून निकालापर्यंत नेमक्या कोणत्या टप्प्यावर खटला निसटतो? पोलीस अधिकारी थोडे नाराज झाले. त्यांच्या मते टप्पा उघड होता आणि तो त्यांचा नव्हता.

पहिल्या गुणांकनात वर आलेले तीनही प्रश्न असे निघाले, की त्यांचे तक्ते माझ्या लॅपटॉपवर तयार होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. वकीलबाईंनी मात्र विचारलंच, “तुमच्याकडे तक्ता आहे म्हणून तो प्रश्न मोठा का, मॅडम?” मला राग आला. घरी जाऊन पुन्हा यादी पाहिली, तेव्हा तो ओसरला.

पुढच्या बैठकीला वकीलबाई तुरुंगात राहून आलेल्या तिघांना घेऊन आल्या. कोणाला बोलवायचं यावर आधी कुजबुज झाली होती, ती इथे सांगत नाही. त्यांतला एकजण सगळा वेळ गप्प होता. निघताना म्हणाला, “माझा जामीन झाला होता साहेब. जामीनदार नव्हता.” हुकूम झाल्यावरही तो काही महिने आतच होता. आमच्या एकाही कार्डावर हे नव्हतं.

याची उपाययोजना कागदावर आहे. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले, की जामिनाच्या हुकमाची प्रत ई-मेलनं तुरुंगात जावी आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं. गरीब बंद्यांसाठी त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या योजनेत कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्याला सुरुवातीला 40 हजार रुपयांपर्यंत मदतीची सोय होती. मग माणूस अडकतो कुठे? इथे कार्डाच्या मागे लिहायला पदं होती, एक सोडून तीन.

आमचा नेहमीचा आधार म्हणजे तुरुंगांतल्या बंद्यांची 31 डिसेंबरची मोजणी. 2022 च्या अखेरीस देशभरात 5,73,220 बंदी, त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी. पण या बेरजेत जामीन होऊनही आत राहिलेले आणि जामीनच न मिळालेले शेजारी शेजारी बसतात.

दुसऱ्या गुणांकनात हा प्रश्न पहिला आला. त्याखाली भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम 479. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायचं, पण एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर नाही. या दुसऱ्या अटीत किती जण गळतात, ते बघायचं. फॉरेन्सिकचा प्रश्न चौथ्यावर घसरला. बाकीचे क्रम मलाही आता यादीत बघावे लागतील.

यादी गेली आणि पहिल्या प्रश्नासाठी एका तुरुंगात नोंदी पाहायची परवानगी मिळाली. पोलीस ठाण्यात गुन्ह्याचा नंबर, कोर्टात खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, तुरुंगात बंद्याचा तिसराच नंबर. एकच नाव तीन जागी तीन तऱ्हेनं लिहिलेलं. जुळवणी हातानंच.

मी तिथल्या लिपिकांना जामिनाची तारीख कुठे मिळेल, असं विचारलं. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि विचारलं, “कुठली हवी, मॅडम? कोर्टानं हुकूम दिल्याची, की इथे पोचल्याची?”

रकाना एकच होता.