शुक्रवारी ताज बंद असतो

आग्र्याची सहल आखताना पहिल्यांदा बघायचा तो वार. शुक्रवारी ताज बंद. मुक्कामात शुक्रवार आला की आम्ही टूर मॅनेजर मंडळी तो दिवस फतेहपूर सिक्रीला लावून मोकळे होतो. एकोणीस वर्षं मी हेच करत आलोय. सकाळी निघायचं, चाळीसेक किलोमीटर, महाल, दर्गा, बुलंद दरवाजा, जेवण, परत. खरं सांगायचं तर सिक्री माझ्या लेखी भरतीची जागा होती.

त्या खेपेला चौतीस जणांचा ग्रुप होता. त्यात मिरजेचे एक चाचा-चाची. चाचा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सकाळी सगळ्यांच्या आधी गाडीपाशी हजर आणि उशिरा येणाऱ्यांकडे नुसतं घड्याळात बघून लाज आणणारे. नगरच्या एक निवृत्त सिस्टर, ख्रिस्ती, एकट्याच आलेल्या. आणि डोंबिवलीचे एक काका, ज्यांना प्रत्येक गोष्टीची माझ्याआधी माहिती असते. असे काका दर ग्रुपला मिळतात, वेगळं बुकिंग लागत नाही.

गाडी निघून अर्धा तास झाला नसेल, काका पुढे आले आणि दांड्याला धरून कानाशी कुजबुजले, "मागे जरा लक्ष द्या. सिस्टरांनी चाचांच्या हातात बायबल दिलंय. उर्दूतलं. आपण यूपीत आहोत. इथे २०२१ पासून धर्मांतराचा कायदा किती कडक आहे, माहीत आहे ना? उद्या लफडं झालं तर निस्तरायला तुम्हीच."

पोटात गोळा आला. एकोणीस वर्षांत रूमवरून भांडणं पाहिली, पुऱ्या गार म्हणून पाहिली, एकदा खिडकीच्या सीटवरून व्याही-व्याही बोलेनासे झालेले पाहिले. हे नवीन होतं. चहाच्या थांब्यावर सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, प्रचार कसला! आजीचं पुस्तक आहे. पहिल्या कोऱ्या पानावर शाईने काहीतरी लिहिलंय, उर्दूत. चाळीस वर्षं कपाटात आहे, वाचणारं कोणी भेटलं नाही. काल जेवताना चाचा म्हणाले, उर्दू येतं. म्हणून दिलं. त्यांचा चष्मा बॅगेत राहिलाय, नंतर वाचतो म्हणालेत."

मी मान डोलावली, पण पटलं होतं असं नाही. आजी कोण, तर बायबलबाई. नगरला अमेरिकन मिशन आलं ते १८३१ मध्ये. पुढे मिशनने अशा बायका ठेवल्या, ज्या घरोघर जाऊन शुभवर्तमान वाचून दाखवायच्या. गोशातल्या मुसलमान बायकांपर्यंत पाद्री पोचणं शक्यच नव्हतं, ही आजी पोचायची. शिवण शिकवायची, अक्षरं गिरवून घ्यायची आणि मधूनच एखादा उतारा वाचायची. म्हणजे पुस्तक प्रचाराचंच होतं की! मी देवाचं नाव घेतलं आणि गाडीत बसलो.

सिक्रीला वर पोचल्यावर आमचा नेहमीचा लोकल गाइड भेटला. मरियमच्या महालापाशी त्याने ठरलेलं वाक्य टाकलं, "ये अकबर बादशाह की ईसाई बेगम का महल, गोवा से आयी थीं." मीही वर्षानुवर्षं हे मराठीत करून सांगत आलोय, वर स्वतःची फोडणी घालून. सिस्टर थबकल्या. "ख्रिस्ती राणी? खरंच?"

उत्तर चाचांनी दिलं. "अवो नाही सिस्टर. मरियम नाव आमच्यात पण असतंय. कुराणात आख्खी एक सूरत, म्हणजे अध्याय, आहे मरियमच्या नावाचा. ही जहांगीरची आई, आमेरची रजपूत. मरियम-उज-जमानी हा तिचा किताब." गाइडने माझ्याकडे पाहिलं, मी खांबाकडे. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती बेगमेला पुरावा नाही, हे मला माहीत होतं. लोकांना आवडतं म्हणून चालवत होतो, इतकंच.

काकांना मात्र धागा सापडला. "राणी नसेल, पण पाद्री तर आलेच होते ना अकबराकडे? तेव्हापासून चालू आहे ही बाटवाबाटवी." चौतीस माणसं गप्प. सिस्टरांनी पदर सारखा केला. चाचींनी नवऱ्याचा शर्ट मागून धरला. म्हटलं, आता आपणच बोललं पाहिजे. सगळ्यांना दिवाण-ए-खासच्या सावलीत बसवलं आणि इतकी वर्षं दोन वाक्यांत उरकलेली गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली.

पाद्री आपण होऊन घुसले नव्हते. १५७९ मध्ये अकबराने गोव्याला वकील पाठवला, की तुमचे दोन विद्वान पाद्री आणि तुमचे धर्मग्रंथ पाठवा. त्याने इबादतखाना बांधलाच होता वाद ऐकायला. आधी मुसलमान विद्वानांचे आपसातले, मग ब्राह्मण, जैन, पारशी, सगळ्यांचे. गोव्याहून तिघे निघाले. रुदोल्फो अक्वाविवा, इटलीतल्या एका ड्यूकचा मुलगा, वय एकोणतीस. स्पेनमधला कातालान मोन्सेरात. आणि दुभाषा म्हणून फ्रान्सिस्को हेन्रिकेस, इराणच्या आखातातल्या होर्मुझचा, मूळचा मुसलमान. १५८० च्या फेब्रुवारीअखेर अक्वाविवा सिक्रीत पोचला. मोन्सेरात वाटेत आजारी पडला, तो काही दिवसांनी. भेट म्हणून त्यांनी अनेक भाषांत छापलेल्या बायबलचे जाडजूड खंड दिले. बादशहाने पागोटं काढून एकेक खंड डोक्याला लावला, मुका घेतला आणि विचारलं, यातलं इंजील, म्हणजे येशूचं शुभवर्तमान, कुठलं? दहा वर्षांच्या शहजादा मुरादला शिकवायला त्याने मोन्सेरातला ठेवलं.

पाद्र्यांना वाटलं, झालं काम. आता बाप्तिस्मा किती दिवसांवर, एवढंच बाकी.

इथे मला आमच्या ऑफिसातलं एक गिऱ्हाईक आठवतं. दर वर्षी येतं. युरोपची चौकशी करतं, चहा घेतं, सगळी ब्रोशरं मागतं, आयफेल टॉवरच्या कुठल्या मजल्यापर्यंत नेणार हेही विचारतं. नवीन पोरगा खूश होऊन त्याचं नाव यादीत टाकतो. जुन्यांना ठाऊक असतं, हा माणूस पैसे कधीच भरणार नाही. त्याला जायचं नसतंच, त्याला ऐकायची आवड असते. आणि त्याला खोटारडं म्हणता येत नाही, कारण त्याचा प्रत्येक प्रश्न मनापासून असतो. अक्वाविवा हा तो नवीन पोरगा. तीन वर्षं तो पत्रांतून आशा आणि निराशा कळवत राहिला. बादशहा प्रेमाने वागवायचा, चुका ऐकून घ्यायचा, आणि देवाला मुलगा कसा असेल या एका प्रश्नावर येऊन थांबायचा.

आगीची गोष्ट सांगितल्यावर वातावरण सैल झालं. आपापला ग्रंथ घेऊन आगीतून चालायचं, ज्याचा खरा तो वाचेल, असं आव्हान निघालं होतं. हे पाद्री जेझुइट पंथाचे; त्यांच्या लिखाणात ते मुसलमानांच्या बाजूने येतं आणि पाद्री म्हणतात, देवाची परीक्षा बघायची नसते. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो ते नेमकं उलट: पाद्री म्हणाला चला आगीत, आणि कचरले ते मौलवी. अबुल फजलचं मौलवींशी पटत नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

"म्हणजे आगीत कोणीच गेलं नाही," काका म्हणाले.

"शहाणे होते दोघंही," चाचा म्हणाले. पहिल्यांदाच सगळे हसले.

पुढचं फारसं रंगवलं नाही, पण टाळलंही नाही. १५८३ मध्ये अक्वाविवा गोव्याला परतला आणि त्याच वर्षी २५ जुलैला दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीत मारला गेला. मुसलमान दरबारात तीन वर्षं इस्लामवर टीका करूनही केसाला धक्का लागला नव्हता. मारलं ते हिंदू गावकऱ्यांनी, कारण तिथे पाद्री देवळं पाडणाऱ्या सत्तेबरोबर आले होते. मग पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलणीला म्हणून बोलावलं आणि कापून काढलं. सिस्टर म्हणाल्या, "हे आम्हाला कोणी शिकवलं नाही." काका म्हणाले, "आम्हालाही तुमचं आगीचं नव्हतं शिकवलं."

एवढ्यात चाचा उठले. जुम्याची नमाज इथल्या जामा मशिदीत पढायची होती. माझ्या वेळापत्रकात ती नव्हती, जेवणाच्या टेबलांची वेळ दिलेली होती. चाचा म्हणाले, "दोन दहाला बुलंद दरवाज्यात. दोन अकरा झाले तर गाडी सोडा." नमाजाच्या वेळात आम्ही बाहेर सावलीत थांबलो. चाचींपाशी सिस्टर बसल्या, शेंगदाण्याची पुडी दोघींत. कान देऊन ऐकलं (हो, मी ऐकलं, तेच माझं काम होतं त्या दिवशी). गुडघेदुखीचं चाललं होतं. मग सिस्टर आजीबद्दल सांगायला लागल्या. "बावीस वर्षं त्या मोहल्ल्यात गेली. एकही बाई ख्रिस्ती झाली नाही. मिशनच्या अहवालात दर वर्षी तेच लिहावं लागायचं. शिरखुर्मा मात्र दर ईदला यायचा, आजी गेल्यावरही."

दोन वाजून आठ मिनिटांनी चाचा दरवाज्यात.

बुलंद दरवाज्यावरच्या लेखात ईसाचं एक वचन आहे. जग हा पूल आहे, त्यावरून पलीकडे जा, त्यावर घर बांधू नका, अशा अर्थाचं. एरवी मी हात वर करून ढोबळ दाखवतो. सिस्टर म्हणाल्या, नेमकं कुठे? चाचांनी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून करून ती वळणदार अक्षरं धुंडाळली. मान दुखेपर्यंत. शेवटी एका जागी बोट थांबलं, "हे बघा. ऐन, ये, सीन, ये. ईसा."

सिस्टर बराच वेळ बघत होत्या. "हे वाक्य आमच्या बायबलात नाही हो."

"आमच्या कुराणात पण नाही," चाचा म्हणाले.

भुसावळच्या मावशींना त्यात रस नव्हता. दरवाज्यावर १६०१ च्या दख्खन मोहिमेचा लेख आहे आणि त्यात खान्देशाचं नाव आहे, हे कळल्यापासून त्या खान्देश शोधत होत्या. अकबराने त्याचं नाव बदलून आपल्या मुलाच्या, दानियाल शहजाद्याच्या, नावावरून दानदेश केलं होतं, तेही तिथेच लिहिलंय. "टिकलं का?" मावशी म्हणाल्या. टिकलं नाही. गंमत म्हणजे त्याच दानियालच्या तीन मुलांना जहांगीरने १६१० मध्ये बाप्तिस्मा घ्यायला लावला. पाद्र्यांना पुन्हा वाटलं, झालं काम. थोड्या वर्षांत तिघंही परत फिरले.

गाडीत डोकी मोजली, चौतीस. चाचांनी बॅगेतून चष्मा काढून लावला, पुस्तक मांडीवर घेतलं. काका तीन सीट ओलांडून येऊन उभे राहिले. मीही. बायबलचा दुसरा भाग म्हणजे नवा करार; त्याचं एक जुनं उर्दू भाषांतर छापलं गेलं १८१४ मध्ये, बंगालातल्या श्रीरामपूरला. ते करणारा इंग्रज पाद्री हेन्री मार्टिन एकतिसाव्या वर्षीच वारला होता, छापलेलं पुस्तक त्याने पाहिलं नाही. सिस्टरांची प्रत अर्थात खूप नंतरची, पण कागद पिवळा पडून कोपऱ्यांना विरलेला. कोऱ्या पानावर निळ्या शाईच्या सात-आठ ओळी.

"कबुलीजबाब असेल," सिस्टर हळूच म्हणाल्या. "कोणीतरी मनातलं लिहून दिलं असेल आजीला. मी लहानपणापासून हेच धरून चाललेय."

चाचा ओठ हलवत वाचत गेले. एकदा थांबले, परत वरून वाचलं.

"सीना छत्तीस. कमर तीस. लंबाई..." त्यांनी वर पाहिलं. "सिस्टर, झंपराचं माप आहे हे."

कोणी काही बोलेना. मग चाचींनी नवऱ्याच्या हातातून पुस्तक घेतलं, ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाहीचं माप चुकलंय. एवढी बाही असती व्हय?"