मार्कंडेय नदीच्या मागे मागे

बेळगावचा माणूस सुट्टी मिळाली की चोर्ला उतरून गोव्याला जातो, नाहीतर आंबोलीला. मीही इतकी वर्षं तेच केलं. यंदा पावसाळा सरता सरता मनानं घेतलं, आपल्या नळाला जिचं पाणी येतं ती नदी तरी एकदा पायी बघावी. मार्कंडेय. बैलूरच्या डोंगरात उगम, मग राकसकोपचं धरण, पुढं हिंडलगा, कंग्राळी, काकती असा शहराला वळसा घालून ती पूर्वेला जाते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. सगळी नदी काही चालून झाली नाही. दोन टोकं झाली: एका रविवारी वरचं, पुढच्या रविवारी खालचं.

पहिल्या रविवारी सकाळच्या बसनं बेळगुंदीला उतरलो आणि राकसकोपच्या रस्त्याला लागलो. दोन्ही अंगाला तांबडी माती, पोटरीतलं भात आणि रताळ्याची शेतं. नवरात्र तोंडावर, त्यामुळं काढणी जोरात. वेल कापून बांधाला टाकलेले, बैलजोडी सरी फोडत पुढं निघालेली आणि मागनं बायका वाकून रताळी वेचतायत. एक उचलून बघितलं. मोडलेल्या टोकाला पांढऱ्या चिकाचा थेंब आला होता, बोटाला लागला तो दुपारपर्यंत सुटला नाही.

"कुठनं आलासा?" एका मावशीनं विचारलं.

"बेळगावातनं. राकसकोपपर्यंत चालत जायचंय."

"चालत? बस हाय की वो!" आणि मी दोन किलो मागितल्यावर, "आज भाजू नका हं. आठ दिस राहू देत घरात, मग गोडी येती."

पाठीवर ते ओझं घेऊनच धरण गाठलं. पाणी काठोकाठ, पलीकडं डोंगर, वाऱ्याला भाताचा वास. हे शहराचं पिण्याचं पाणी आहे, म्हणून पाय बुडवायलाही काठाशी उतरलो नाही, कुणी उतरू नये. पाण्याच्या वरच्या अंगाला तुडये, ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. राकसकोप कर्नाटकात. १ नोव्हेंबर १९५६ पासून ही रेघ आम्ही सोसतोय. आमच्या आजोबांनी त्यासाठी काय केलं ते घराघरात माहीत आहे. पण तुडयेकरांचं भात आणि राकसकोपचं भात एकाच पावसावर पिकतं. इथं उभं राहिलं की ते डोळ्यांना दिसतं आणि आत कुठंतरी दुखतंही.

हाच मुलूख उंचावरून बघायचा तर देवरवाडीला जावं. वैजनाथाचं दर्शन घेऊन वर महिपाळगड चढायचा. गडावर आजही गाव नांदतं आहे, माणसं आपुलकीनं पाणी विचारतात. पहाटे एकट्यानं झाडीत शिरू नये, गवे असतात. वर गेल्यावर पश्चिमेकडं तोंड केलं तर हिरव्यामागं हिरवं, ढग अडकलेले. पूर्वेकडं वळलं की रंग फिका होत होत तांबूस-पिवळा होतो. येळ्ळूरच्या राजहंसगडावरूनही असंच दिसतं आणि तो चढायला सोपा, लेकराबाळांना घेऊन जाण्याजोगा. पण दोन्ही गडांवरून मी ते नुसतं बघत आलो होतो. त्या फिक्या रंगात जाऊन चाललो नव्हतो.

म्हणून दुसरा रविवार. भावाच्या दुचाकीवरून पाच्छापूरमार्गे गोडचिनमलकी. वाटेत भात कधी संपलं ते कळलंच नाही. मका आला, कालव्या-विहिरीच्या आधारानं ऊस आला, मग माळ. गोकाककडं पाऊस बेळगावच्या निम्माही नसतो. गावाजवळ गाडी लावून धबधब्याकडं उतरायला लागलो तर पायाखालची मातीसुद्धा बदललेली. घरच्या बाजूला जांभा आणि काळा पाषाण, इथं लालसर वालुकाश्म, वहीची पानं रचावीत तसे थरावर थर. एका थराच्या कडेवर हात फिरवला, रवाळ लागला, बोटांना बारीक वाळू चिकटली. आजूबाजूला तरवड, बाभूळ, मधूनच निवडुंग. उन्हाचा चटका असा की दहा वाजताच टोपी भिजली.

आणि अशा कोरड्या माळात खालनं गडगडाट ऐकू येतो. कड्याशी गेलो तर गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी दोन टप्प्यांत कोसळत होतं. गोकाकचा धबधबा मोठा, ५२ मीटरचा, त्याच्यावर झुलता पूल आहे, गिरणी आहे, १८८७ साली त्याच पाण्यावर वीज केली होती. गर्दीही तिथंच जाते. मला मात्र गोडचिनमलकी जास्त आवडलं, कारण हे आमचं पाणी. आठ दिवसांपूर्वी राकसकोपला शांत पडून होतं ते. ढगाच्या गावातनं निघून इतक्या तहानलेल्या मुलखात ती नदी एकटी आलीय, हे बघून खरंच भरून आलं.

काठावर शेरडं घेऊन एक म्हातारबाबा बसले होते. आम्ही पुढं सरकलो तसे ओरडले, "नीर भाळ ऐत्रि, हुशार!" पाणी फार आहे, जपून. हुशार हा शब्द आमच्याकडंही आहे, शाळेतल्या पोराला लावायचा. इथं त्यानं मला कड्यापासून दोन पावलं मागं ओढलं. खडक शेवाळलेला होता, ओरडले ते बरंच झालं.

सावलीला त्यांच्याशेजारीच बसलो. मावशीचं ऐकून रताळी आठ दिवस ठेवली होती, सकाळी चुलीत भाजून फडक्यात बांधून आणली होती. सोलल्यावर आतनं मधासारखी पिवळी, बोटं चिकट झाली, पण यावेळी चिकानं नव्हे. बाबांपुढं दोन ठेवली. त्यांनी एक उचललं, नाकाशी नेलं, हसले.

"गेणसु," ते म्हणाले.

"रताळं," मी म्हणालो.

सालासकट खाल्लं त्यांनी. दुसरं धोतराच्या सोग्यात बांधून घेतलं.