सरांवर लिहायला बसण्याआधी

निवृत्त शिक्षक गेले की घरातल्या कुणाला तरी त्यांच्यावर लिहावं लागतं. बहुतेक वेळा तो लेख पहिल्याच परिच्छेदात हातातून निसटतो. शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, प्रेमळ, कुटुंबवत्सल असे चार शब्द आले की माणूस दिसेनासा होतो, कारण ते कुठल्याही शिक्षकाला चिकटवता येतात. ज्यांनी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून काढली, त्यांच्या वाट्याला असा साचा येऊ नये, असं मला फार वाटतं. लेख चांगला होतो तो भाषेमुळे कमी आणि लिहिण्याआधी गोळा केलेल्या तपशिलांमुळे जास्त.

भेटायला येणारी माणसं पहिल्या आठवड्यात जे बोलतात, ते महिन्याभराने तसंच्या तसं मिळत नाही. एक वही करा, माणसागणिक एक पान. वर नाव, सरांशी ओळख कुठल्या वर्षीची, आणि खाली त्यांचे शब्द जसेच्या तसे. त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी लिहिलं की सगळ्यांची भाषा आपल्याच भाषेसारखी होते.

‘सर कसे होते?’ असं विचारू नका. उत्तर ‘खूप चांगले होते’ असंच येणार. त्याऐवजी सरांच्या वर्गातल्या एखाद्या तासाबद्दल विचारा. वर्गात शिरल्यावर सर आधी काय करायचे? हजेरी आधी की फळा पुसणं आधी? उत्तर चुकलं तर काय म्हणायचे? रागावले की आवाज चढायचा की उतरायचा? अशा प्रश्नांवर माणूस क्षणभर थांबतो आणि मग नेमकं काहीतरी सांगतो: खडू फळ्यावर किंचाळू नये म्हणून सर तो आधी मोडून अर्धा करायचे. हे वाक्य लेखात आलं की सर वर्गात उभे राहतात.

तपासलेली एखादी जुनी वही मिळाली तर ती सोन्यासारखी जपा. लाल शाई कुठे पडली आहे ते नीट बघा. काही शिक्षक चुकलेल्या गणितावर आडवी काट मारून शेजारी बरोबर उत्तर लिहितात. काही फक्त जिथे पाऊल चुकलं त्या ओळीखाली रेघ ओढतात आणि बाकीचं मुलाला सोडवू देतात. मग दोन पानांनंतर तेच गणित पुन्हा केलेलं सापडतं आणि त्याखाली तारखेसह सही असते. म्हणजे सरांनी ती वही दुसऱ्यांदा मागून घेतली होती. ‘मुलांवर जीव होता’ असं वेगळं लिहायची मग गरजच उरत नाही. त्या पानाचा फोटो लेखात जरूर द्या, मुलाचं नाव मात्र झाका.

‘हजारो विद्यार्थी घडवले’ हे वाक्य लिहिण्याआधी हिशेब करा. ३४ वर्षं नोकरी, दरवर्षी तीन वर्ग, वर्गात ४० मुलं, म्हणजे ४,०८० हा आकडा सहज येतो. पण तीच मुलं सलग तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली असतील, तर दरवर्षी नवी मुलं ४०च, आणि खरा आकडा १,३६०च्या आसपास. मला तर हा दुसरा आकडाच मोठा वाटतो, कारण त्यात प्रत्येक मुलाला सरांची तीन वर्षं मिळालेली असतात.

तारखांसाठी आठवणींवर विसंबू नका. नेमणुकीचं पत्र, बदलीचे आदेश, निवृत्तीचं पत्र आणि पदवीची प्रमाणपत्रं समोर ठेवून एका कागदावर वर्षांची ओळ आखा. कागदावरची जन्मतारीख आणि घरात सांगितली जाणारी तारीख कधीकधी जुळत नाही. कुठली धरायची ते आधी घरच्यांशी बोलून ठरवा. तीन माणसं एकच प्रसंग तीन वेगळ्या वर्षांत सांगत असतील, तर वर्ष न देता प्रसंग लिहा.

घरचा भाग नेहमी तोकडा पडतो. वर्गातल्या सरांना साक्षीदार शेकड्यांनी असतात, घरातल्या बाबांना चार-पाचच, आणि ते दुःखात असतात. तरीही पत्नीकडे निवांत बसून विचारा. पेपर तपासायला ते कुठे बसायचे, निकालाच्या दिवसांत घराची घडी कशी बदलायची, मूल आजारी असताना रात्री कोण उठायचं? संसारातली माया अशा कामांतच सापडते. मुलं त्यांच्याच शाळेत शिकली असतील, तर शाळेत ती बाबांना काय म्हणायची हे नक्की विचारा. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्षही सोडू नका: घंटा नाही, वेळापत्रक नाही, तेव्हा सकाळचे दोन तास त्यांनी कशाने भरले?

‘सर’ म्हणायचं की ‘बाबा’, हेही आधीच ठरवा. शाळेच्या भागात सर आणि घरच्या भागात बाबा चालतं, पण एकाच परिच्छेदात दोन्ही आले की वाचणारा गोंधळतो. ‘शिकवायचे’ आणि ‘शिकवत असत’ यांचीही सरमिसळ टाळा.

जुने फोटो छोटे असतात, म्हणून ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. तीन बाय चार इंचाचा फोटो मग दुप्पट आकारातही स्पष्ट छापता येतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढलात तर तो फाटतो. दात साफ करायचा धागा, मेण नसलेला, फोटोखाली हळूहळू सरकवा. तरीही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. मागे नावं लिहायची असतील तर मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

हाच मजकूर सभेत वाचायचा असेल तर पाच मिनिटांत ५०० ते ५५० शब्दच बसतात. मोठ्या अक्षरांत छापा, पानांवर क्रमांक घाला, आणि एक प्रत दुसऱ्याच्या हातात द्या. आवाज दाटून आला तर त्याला तिथूनच पुढे वाचता येईल.

लेख सगळ्यांसाठी खुला असेल तर पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता देऊ नका, वर्ष पुरे. अशा माहितीचा गैरवापर करणारे लोक असतात. नातेवाइकांची नावं दोघांकडून तपासून घ्या. एक सून किंवा एक नातू राहिला तर ते वर्षानुवर्षं सलत राहतं.

शेवटचा खर्डा आधी त्यांच्या पत्नीला मोठ्याने वाचून दाखवा, पेन हातात ठेवून. ‘नाही, तेव्हा ते असं नव्हते म्हणाले,’ असं म्हणून त्या जिथे थांबवतील, तिथे आपलं वाक्य खोडा आणि त्यांचं लिहा.