आक्काच्या बिबड्या आणि 21,000 ची अट

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या गावात श्रावणबाळच्या, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनच्या, पैशाला सगळे पगारच म्हणतात. महिन्याचे 1500 रुपये. शेजारच्या आक्काला तो चालू आहे, वय 67, घरात ती आणि नातू, बस.

उन्हाळ्यात आक्का बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करते. ज्वारी भिजवायची, भरडायची, मग पहाटे चारला उठून चुलीवर घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची, आणि ऊन तापायच्या आत खाटेवर ओलं धोतर टाकून त्यावर थापून मोकळं व्हायचं. घाटा गरम असतानाच थापावा लागतो, तिच्या बोटांची पेरं कायम लाल. यंदा माझ्या ओळखीने जळगावच्या एका दुकानदाराने 30 किलोची ऑर्डर दिली, पैसे खात्यात टाकतो म्हणाला. मला वाटलं आक्का खूश होईल, तर ती गप्पच झाली आणि मग हळूच म्हणे, "मना पगार बंद व्हई जाई का रे भाऊ?"

मी म्हटलं असं कुठे असतं का. रात्री हिशोब करायला बसलो तर तिचंच बरोबर निघालं.

पगाराची अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला 1750, अख्ख्या घराचं. 2025-26 ला रोजगार हमीची मजुरी 312 रुपये रोज होती, घरातलं एक माणूस 68 दिवस कामावर गेलं की 21,216 झाले आणि म्हातारीचा पगार गेला! तेव्हाच्या कायद्यात हमी मात्र 100 दिवसांची होती. लाडक्या बहिणीला तेवढेच 1500 मिळतात आणि तिथे अट 2.5 लाखांची, पण ती योजना 65 वर्षांपर्यंतच, आक्का त्यात बसत नाही.

मग होतं काय, उत्पन्नाच्या दाखल्यावर वीस-एकवीस हजारच लिहिलं जातं, देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. खरं सांगून पुढे जायची सोयच ठेवलेली नाही. मागच्या वर्षी टेबलामागचा एक जण आक्काच्या नव्या चपलांकडे बघून बोलला, मावशी तुमचं तर बरं चाललेलं दिसतं. तेव्हापासून ती तालुक्याला जाताना जुनं विरलेलं लुगडं काढून नेसते. मला हे सगळ्यात जास्त लागलं, पापड थापून पोट भरणाऱ्या बाईला चांगली चप्पल लपवावी लागते.

फुकट वाटा असं मी म्हणतच नाही, पण कमाई थोडी वाढली की सगळं एका झटक्यात का तोडायचं? ब्राझीलमधे गरीब घरांना पैसे देणाऱ्या बोल्सा फॅमिलिया योजनेत घराचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपर्यंत वाढलं तरी काही काळ अर्धी रक्कम चालू ठेवतात, माणूस पायावर उभा राहीपर्यंत. आपल्याकडे निदान दोन वर्षं तरी असं करून बघा ना.

आक्काने शेवटी 30 पैकी आठच किलो घेतले, तेही रोखीत. उरलेली ज्वारी कोठीत पडून आहे. नातवाला जिनिंगवाले सीझनला घ्यायला तयार आहेत, त्यालाही तिने थांबवून ठेवलंय, आधी यंदाचा दाखला निघू दे म्हणते.