कॉलराचं विष पेशीत शिरतं कसं

परवापासून कॉलरा टॉक्सिनबद्दल वाचतेय आणि डोक्यातून जातच नाहीये. हे एक छोटंसं प्रोटीन, पाच सारख्या तुकड्यांची रिंग आणि त्यावर बसलेला एक ‘ए’ तुकडा. रिंग आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ नावाच्या फॅटला चिकटते, मग पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेते, गॉल्जीतून (पेशीतलं प्रोटीन पाठवणीचं केंद्र) उलट्या दिशेने पार ईआरपर्यंत (प्रोटीन बनवून घडी घालायची जागा) नेते, आणि तिथे ‘ए’चा एक भाग सुटतो, बिघडलेलं प्रोटीन असल्यासारखा, म्हणून पेशीची कचरा काढायची यंत्रणाच त्याला सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात, सोडते!! तिथे तो जी-प्रोटीन या संदेश पोचवणाऱ्या प्रोटीनचं बटण चालूच ठेवतो, सीएएमपी नावाचा संदेशवाहक रेणू वाढतो, क्लोराइडचे दरवाजे उघडतात आणि मागोमाग पाणी. गंभीर पेशंटचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पेशी मात्र मरत नाही, साखर आणि सोडियम एकत्र आत घेणारं दार शाबूत राहतं, म्हणूनच ओआरएस चालतं.

कॉलरामागे असं विष आहे हे दाखवलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी, १९५९ मध्ये, सशाच्या आतड्यावर, जिवाणू गाळून काढलेलं नुसतं द्रव वापरून. त्यांचं नाव आम्हाला शाळेत कुणी सांगितलंच नाही, याचं खरंच वाईट वाटतं.