चीर मिटली की फळी उडते

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेलं गोल पातं असलेली विजेची करवत. तिच्यासमोर नवखा माणूस घाबरतो ते पात्याच्या पुढच्या दात्यांना. खरं तर ते दाते लाकूड खाली टेबलावर दाबत असतात. घात करतात ते मागचे, टेबलातून वर येणारे दाते. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर भरतो. कापलेली चीर मागे मिटली किंवा फळी तिरकी झाली, की हे दाते तिला उचलून थेट तुमच्या अंगावर भिरकावतात. हाच किकबॅक. फळी अशी निसटली की तिच्यावर दाब देणारा हातही पात्याकडे जातो, आणि बोटं जातात ती अनेकदा अशीच.

त्यावरचा उपाय म्हणजे पात्यामागे उभी असणारी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती चीर उघडी ठेवते. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि चिरेच्या रुंदीपेक्षा कमी हवी: पत्रा १.८ आणि चीर २.८ मिलिमीटर असेल, तर पट्टी २.२ ते २.५ ची. दात्यांपासून तिचं अंतर ३ ते ८ मिलिमीटर. आपल्याकडे हातातली सर्क्युलर सॉ प्लायच्या टेबलाला उलटी बसवतात, तेव्हा ही पट्टी आणि गार्ड (पात्यावरचं झाकण) दोन्ही निघून जातात. अशा टेबलावर लांब फळ्या चिरूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायचा, पात्याला समांतर हवा असा सरळ कठडा. प्लग काढा, एका दात्यावर मार्करने खूण करा, तो पुढे असताना फेन्सपर्यंतचं अंतर मोजा, पातं हाताने फिरवून तोच दाता मागे आणा आणि पुन्हा मोजा. मागचं अंतर कमी भरलं तर लाकूड तिथे अडकणारच. पातं लाकडाच्या वर ५-६ मिलिमीटर पुरे. आडवा काप घेताना फेन्स आणि मायटर गेज (लाकूड ठरावीक कोनात धरून पुढे न्यायचा सरकता आधार) एकाच वेळी वापरू नका. सुटलेला तुकडा दोघांमध्ये अडकतो आणि उडतो.

पुण्यात पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी तुळया आणि वासे विकत मिळतात. लाकूड सुरेख असतं, पण आत मोडके खिळे दडलेले असतात. आधी चांगलं जोरकस चुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा. एक बाजू आणि एक कड रंध्याने सरळ केल्याशिवाय असा वासा टेबलावर ठेवू नका, डुगडुगणारं लाकूड पात्यात वळतं. चिरताना जुना ताण सुटून चीर मिटायला लागली, तर लाकूड मागे ओढू नका. ते तसंच घट्ट धरून मशीन बंद करा (म्हणून स्विच गुडघ्याने दाबता येईल असा हवा), पातं पूर्ण थांबलं की चिरेत पाचर ठोका आणि लाकूड मागे घेऊन पुन्हा सुरू करा.

हातातल्या सॉचंही गणित हेच. ८ बाय ४ ची प्लाय दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापली, की ती मध्ये झुकते आणि पातं आवळतं. खाली चार पट्ट्या घाला, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. मार्बल कटरला किंवा ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं मात्र सरळ बंद करा.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तेव्हा स्विच चालूच राहतो आणि लाइट आली की पातं आपोआप फिरू लागतं. लाइट गेली की आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर. टेबल सॉला नो-व्होल्ट स्विच, म्हणजे लाइट गेली की आपोआप बंद होणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच, बसवून घ्याच.

चष्मा, इअरप्लग आणि मास्क हवेतच. हातमोजे, घड्याळ, सैल बाही नको. पातं आणि फेन्समध्ये १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर हाताऐवजी पुश स्टिक, म्हणजे लाकूड ढकलायची काठी. उभं राहायचं पात्याच्या रेषेतून बाजूला, फेन्सच्या विरुद्ध अंगाला. मशीन बंद ठेवून, पातं टेबलाखाली उतरवून फळी एकदा पूर्ण सरकवून पाहा: उजवा हात कुठे पोचतो, डावा कधी सुटतो, पुश स्टिक कुठून उचलायची. शेवटच्या वीतभर अंतरात हात अवघडत असेल, तर मागे आधाराला स्टँड लावा आणि मगच प्लग घाला.